हिवताप आणि उघड्या टाक्या

पावसाळा आला की गोव्यात धूर सोडणारी यंत्रे फिरू लागतात, आणि त्याच सुमारास परप्रांतीय मजुरांनी हिवताप आणल्याची तक्रारही दरसाल नव्याने कानी येते. या दोन्हींमुळे लोकांचे समाधान होते; डासांचे मात्र फारसे बिघडत नाही.

२० ऑगस्ट १८९७ रोजी रोनाल्ड रॉस यांना सिकंदराबादेत ॲनोफिलीस डासाच्या मादीच्या जठरात हिवतापाचे जंतू आढळले. त्यापूर्वी दलदलीची दूषित हवा हेच या रोगाचे कारण मानले जाई. ती समजूत ग्रंथांतून गेली, पण आमच्या मनातून गेलेली नाही. म्हणूनच नगरपालिका गटारांवर औषध फवारते आणि नागरिक निश्चिंत होतात. वास्तविक गटाराच्या घाण पाण्यात वाढणारा डास बहुधा क्युलेक्स असतो. त्याची अळी डोके खाली करून पाण्यात लोंबकळते. ॲनोफिलीसच्या अळीला श्वसननलिका नसते, त्यामुळे ती पाण्याच्या पृष्ठभागाशी समांतर पडून राहते. तिची मादी ठिपकेदार पंखांची असून भिंतीवर बसताना शेपटाकडची बाजू वर उचलून तिरपी बसते. शाळकरी मुलालाही हा फरक शिकवता येईल.

गोव्याच्या शहरांत आणि किनारी गावांत हिवताप पसरविणारा मुख्य डास म्हणजे याच वंशातील स्टीफेन्सी. त्याला स्वच्छ, साठविलेले पाणी लागते: गच्चीवरील उघडी टाकी, स्लॅब भिजत ठेवण्यासाठी बांध घालून साठविलेले पाणी, उद्वाहनासाठी खणलेला खड्डा, वापरात नसलेली विहीर. रोगराईने जुने गोवे ओस पडले हा इतिहास आम्ही अभिमानाने नव्हे, पण तपशिलाने सांगतो. पणजीत १९८६ च्या सुमारास उद्भवलेली हिवतापाची साथ मात्र विसरतो. ती बांधकामांबरोबर आली होती. मुक्तीच्या वेळी ज्याची कोणी कल्पनाही केली नव्हती असा सिमेंटचा गोवा तेव्हा उभा राहू लागला होता.

मजुराच्या रक्तात जंतू असू शकतो, हे आम्ही नाकारीत नाही. परंतु त्या जंतूला दुसऱ्याच्या अंगात पोचविणारा डास त्याने गाठोड्यात बांधून आणलेला नसतो. तो येथल्याच पाण्यात जन्मतो. कायद्याने बांधकाम मजुरांची रक्ततपासणी आणि आरोग्यपत्र सक्तीचे केले, ते योग्यच झाले. पण व्हायव्हॅक्स जातीचे जंतू यकृतात महिनोन्‌महिने सुप्त राहतात. आज निर्दोष ठरलेले रक्त चार महिन्यांनी दूषित निघू शकते. त्यांचा नायनाट करण्यासाठी प्रायमाक्वीनच्या गोळ्या चौदा दिवस घ्याव्या लागतात. रोजंदारीवर जगणारा आणि कंत्राट संपताच दुसऱ्या गावी जाणारा माणूस त्या पुऱ्या करील याची हमी केवळ कागद देऊ शकत नाही.

उलट टाकी जागची हलत नाही. अंड्यापासून डास होण्यास आपल्या हवेत साधारण आठ ते दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एकदा साचलेले पाणी काढून टाकले तरी पिढी खुंटते. जेथे पाणी काढता येत नाही तेथे अळ्या खाणारे मासे सोडता येतात, अथवा अळ्या मारणारे जिवाणूजन्य औषध टाकता येते. गोव्यातच हे प्रयोग होऊन गेले आहेत. खर्च किरकोळ आहे. पण तो मालकाने आणि कंत्राटदाराने करावयाचा आहे, आणि अडचण नेमकी तीच आहे. इमारतीला भोगवटा दाखला देण्यापूर्वी गच्चीवर चढून टाकीचे झाकण पाहण्याची, आणि बांधकाम चालू असता दर आठवड्यास स्लॅब तपासण्याची जबाबदारी सरकारने नाव घेऊन कोणाकडे तरी सोपवावी. मजुराकडे आरोग्यपत्र मागणाऱ्या निरीक्षकाने त्याच फेरीत कंत्राटदाराच्या पाण्यातही डोकावावे.