विश्लेषण : स्वस्तातला मदरबोर्ड घ्यावा का?

रॅमच्या किमती २०२५च्या उत्तरार्धात दुपटीहून अधिक वाढल्या. घरी किंवा दुकानात संगणक जुळवून घेणाऱ्यांचे बजेट त्यामुळे कोलमडले आहे आणि काटकसरीची पहिली कात्री अनेकदा मदरबोर्डवर चालते. ते स्वाभाविकही आहे, कारण मदरबोर्डचा फरक प्रोसेसरसारखा चटकन जाणवत नाही. मात्र ‘स्वस्त मदरबोर्ड’ या एकाच नावाखाली बाजारात दोन अगदी वेगळ्या वस्तू विकल्या जात आहेत.

रॅमच्या महागाईचा संबंध काय?

एआय डेटा सेंटरसाठी लागणाऱ्या मेमरीकडे चिप कंपन्यांनी उत्पादन वळवले आहे. मायक्रॉनने तर डिसेंबर २०२५मध्ये ‘क्रुशियल’ या ब्रँडचा ग्राहक व्यवसाय बंद करण्याची घोषणा केली. मदरबोर्ड निवडताना आपण रॅमचा प्रकारही निवडत असतो. एएमडीच्या एएम५ सॉकेटवर फक्त डीडीआर५ चालते. जुन्या एएम४वर डीडीआर४ लागते, तर इंटेलच्या एलजीए१७०० सॉकेटसाठी दोन्ही प्रकारचे बोर्ड मिळतात. जुनी डीडीआर४ रॅम हाताशी असेल, तर तिच्याशी जुळणारा बोर्ड घेण्यात मोठी बचत आहे.

नामांकित कंपनीचा सर्वात स्वस्त बोर्ड कसा असतो?

इंटेलच्या एलजीए१७००साठी एच६१० आणि एएमडी एएम५साठी ए६२० हे तळाचे चिपसेट. एच६१०वर रॅमचे स्लॉट साधारण दोनच असतात, ओव्हरक्लॉकिंग करता येत नाही आणि चौथ्या पिढीची एनव्हीएमई एसएसडी लावली तरी ती तिसऱ्या पिढीच्या वेगाने चालते. यातले काहीही टॅलीची कामे, ऑनलाइन वर्ग, कोडिंग किंवा साधे गेमिंग करणाऱ्याला अडवत नाही. तोच प्रोसेसर महागड्या बोर्डवर बसवला म्हणून संगणक वेगवान होत नाही. त्यामुळे हा स्वस्त बोर्ड बहुतेकांना पुरतो.

मग धोका कुठे आहे?

वीजपुरवठ्यात. एसएमपीएसकडून बोर्डला १२ व्होल्टने वीज मिळते, पण प्रोसेसरला लागते साधारण एक ते सव्वा व्होल्टने. हे रूपांतर प्रोसेसरच्या सॉकेटभोवतीचे व्हीआरएम हे सर्किट करते आणि त्यात ते तापते. स्वस्त बोर्डवर या सर्किटचे भाग कमी असतात आणि त्यांच्यावर हीटसिंकही बऱ्याचदा नसते. प्रोसेसरने प्रमाणाबाहेर वीज ओढली की तापमान वाढते आणि स्वतःला वाचवण्यासाठी यंत्रणा प्रोसेसरचा वेग कमी करते. विदर्भातल्या मे महिन्यात, एसी नसलेल्या खोलीत ही वेळ लवकर येते.

येथे आकडे फसवे आहेत. इंटेलच्या कोअर आय५-१२४०० आणि आय९-१४९०० या दोन्ही प्रोसेसरपुढे मूळ वीजवापर ६५ वॉट असाच लिहिलेला असतो. जोर लावल्यावर मात्र पहिला कमाल ११७ वॉटपर्यंत, तर दुसरा २१९ वॉटपर्यंत जातो. एच६१० बोर्डवर दोन्ही बसतात, दोन्ही सुरू होतात. पण तासभर व्हिडीओ रेंडर करायचा असेल, तर साध्या बोर्डवर आय९ बसवणे म्हणजे प्रोसेसरचे पैसे वाया घालवणे. आय५साठी मात्र तोच बोर्ड ठीक आहे.

दोन-तीन हजारांचे ‘नवे’ बोर्ड कोणते?

ही दुसरी वस्तू. मुंबईतल्या लॅमिंग्टन रोडवर किंवा ऑनलाइन ‘एच६१’, ‘एच८१’ अशा नावांचे कोरे करकरीत बोर्ड मिळतात. बोर्ड नवा असला तरी एच६१ हा चिपसेट २०११चा आणि एच८१ हा २०१३चा. एच६१मध्ये यूएसबी ३.० नाही आणि साटाचा वेग ३ गिगाबिटवरच थांबतो. म्हणजे साधी साटा एसएसडीही त्यावर जवळपास निम्म्या वेगाने चालते.

त्याहून मोठी अडचण सुरक्षेची आहे. विंडोज १०चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११साठी टीपीएम २.० आणि इंटेलचा किमान आठव्या पिढीचा प्रोसेसर लागतो. एच६१वर दुसऱ्या-तिसऱ्या पिढीचे आणि एच८१वर चौथ्या पिढीचे प्रोसेसर बसतात. आडवाटेने विंडोज ११ टाकून देणारे दुकानदार आहेत, पण अशा संगणकाला पुढची अपडेट मिळेलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. बंद पडलेला जुना संगणक वर्षभर रेटायचा असेल किंवा लिनक्स वापरायचे असेल, तर हा बोर्ड चालेल. मुलाच्या इंजिनीअरिंगच्या चार वर्षांसाठी नवा संगणक म्हणून तो गळ्यात मारून घेऊ नये.

महागडा बोर्ड तरी निर्धोक का?

तसेही नाही. २०२३मध्ये एएमडीचे काही एक्सथ्रीडी प्रोसेसर बोर्डवरच जळाले. त्यानंतर एसओसी व्होल्टेजवर १.३ व्होल्टची मर्यादा घालण्यात आली. २०२४मध्ये इंटेलच्या १३व्या-१४व्या पिढीतील प्रोसेसरमध्ये जादा व्होल्टेजचा दोष आढळला आणि कंपनीला वॉरंटी दोन वर्षांनी वाढवावी लागली. दोन्ही वेळा उपाय बायोस अपडेटमधून आला. ज्या बोर्डच्या कंपनीची नीट वेबसाइटही नाही, त्याला हे अपडेट कुठून मिळणार?

पैसे वाचवायचे तर कुठे?

आरजीबी दिवे, न लागणारे वाय-फाय आणि ओव्हरक्लॉकिंग खुशाल सोडावे. वाचलेले हजार-दीड हजार चांगल्या एसएमपीएसमध्ये घालावेत. पुढे प्रोसेसर बदलायचा विचार असेल, तर एएम५ सोयीचे. हे सॉकेट २०२७ आणि त्यापुढेही चालू ठेवण्याचे एएमडीने जाहीर केले आहे. इंटेलने मात्र ऑक्टोबर २०२४मध्ये नव्या प्रोसेसरसाठी सॉकेटच बदलले. बोर्ड घेण्यापूर्वी कंपनीच्या वेबसाइटवरील प्रोसेसरची यादी पाहावी. प्रोसेसर नवा आणि बोर्ड जुन्या स्टॉकचा असेल, तर बायोस दुकानातच अपडेट करून घ्यावे. नाहीतर घरी आल्यावर संगणक सुरूच होत नाही. सीरियल नंबर लिहिलेले जीएसटी बिल आणि जवळचे सर्व्हिस सेंटर कोणत्या गावात आहे, हेही तेव्हाच विचारून घ्यावे.