प्रयोगशाळेतील अडगळ

वर्धा जिल्ह्यातील देवळी तालुक्याला स्फोटक द्रव्यांची ओळख पुस्तकांतून करून घ्यावी लागत नाही. पुलगावचे मध्यवर्ती दारूगोळा भांडार याच तालुक्यात आहे. 20 नोव्हेंबर 2018 रोजी सोनेगावजवळ जो स्फोट झाला, तो जुना दारूगोळा नष्ट करण्यासाठी उतरविला जात असताना झाला. त्यात सहा माणसे प्राणास मुकली. त्यांत आसपासच्या खेड्यांतील मजूर होते. वस्तू निरुपयोगी झाली म्हणजे ती निरुपद्रवी झाली असे नव्हे, हाच या दुर्घटनेचा धडा होय. आणि तो आपल्या विद्यापीठांच्या प्रयोगशाळांनाही तितकाच लागू आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

हे विधान कोणास अतिशयोक्तीचे वाटल्यास त्याने दिल्ली विद्यापीठाचे उदाहरण आठवावे. तेथील रसायनशास्त्र विभागात गामा किरणांचे एक संशोधन-यंत्र 1985 पासून वापराविना पडून होते. फेब्रुवारी 2010 मध्ये ते लिलावात भंगार म्हणून विकले गेले आणि मायापुरीच्या बाजारात फोडण्यात आले. त्याच्या पोटात कोबाल्ट-60 होते. या द्रव्याचा किरणोत्सर्ग सुमारे सव्वापाच वर्षांत निम्मा होतो. म्हणजे यंत्र बंद पडल्यापासूनच्या पंचवीस वर्षांत तो सुमारे सत्ताविसाव्या हिश्श्यावर आला होता. तेवढाही एका कामगाराचा प्राण घेण्यास आणि इतर अनेकांना रुग्णालयात पोहोचविण्यास पुरेसा ठरला. विद्यापीठाच्या विद्येशी ज्याचा काडीमात्र संबंध नव्हता, त्याने तिच्या विस्मरणाची किंमत मोजली.

प्रयोग चालू असताना होणारे अपघात आपल्या ध्यानात राहतात. 29 डिसेंबर 2009 रोजी तुर्भे येथील भाभा अणुसंशोधन केंद्राच्या प्रयोगशाळेत आग लागून दोन तरुण संशोधक दगावले. सोनेगावच्या स्फोटानंतर पंधराच दिवसांनी बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत झालेल्या स्फोटात एक संशोधक गेला. तथापि प्रयोगाला निदान एक धनी असतो. अडगळीला धनी नसतो. पिक्रिक आम्ल पाण्याने ओले असेतो शांत राहते. बाटलीतील पाणी आटले की साध्या धक्क्याने वा घर्षणाने त्याचा स्फोट होऊ शकतो. एके काळी हेच आम्ल तोफगोळ्यांत भरीत असत. ईथरची उघडलेली बाटली दीर्घकाळ तशीच राहिली, तर हवेच्या संसर्गाने तिच्यात स्फोटक पेरॉक्साइडे तयार होतात. ज्या प्राध्यापकाने ती मागविली तो निवृत्त होतो, चिठ्ठीवरील अक्षरे पुसट होतात, आणि एके दिवशी ‘कपाट रिकामे कर’ अशी आज्ञा प्रयोगशाळेतील परिचराला होते.

कायदा नाही असे नाही. 2016 च्या नियमांनी घातक कचरा साठविण्यास सर्वसाधारणपणे 90 दिवसांची मर्यादा घातली आहे. परंतु ज्या बाटलीला कचरा म्हणण्याचे धैर्यच कोणी करीत नाही, तिचे दिवस मोजणार कोण? नियमांच्या पालनाची खरी अडचण येथे आहे.

संशोधनालाच पैसा अपुरा, तेथे अडगळीसाठी कोठून आणावा, असा आक्षेप घेतला जाईल. या आक्षेपात तथ्य आहे. पण द्रव्य विकत घेण्यास अनुदान मिळते, तर त्याची विल्हेवाट हा त्याच खर्चाचा उत्तरार्ध होय. प्रत्येक संशोधन-अनुदानात त्याची तरतूद हवी. निवृत्त होणाऱ्या प्राध्यापकाकडून ग्रंथालयाचे पुस्तक परत घेतल्याखेरीज आपण त्यास मोकळे करीत नाही. त्याच्या कपाटातील द्रव्यांची यादी मात्र कोणी मागत नाही. ती मागितली पाहिजे. आणि देवळीसारख्या गावातील महाविद्यालयाला चार बाटल्यांसाठी स्वतंत्र व्यवस्था परवडणार नाही, हे ओळखून राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाने आपल्या संलग्न महाविद्यालयांतील अशी द्रव्ये वर्षातून एकदा तज्ज्ञांकरवी गोळा करण्याची जबाबदारी पत्करावी.

कोणते द्रव्य कोणत्या कपाटात आहे हे ज्या संस्थेला ठाऊक नाही, तिने सुरक्षिततेचे फलक भिंतीवर लावून समाधान मानू नये. फलक वाचणारे विद्वान सहसा वाचतात. बळी जातो तो कपाट उघडणाऱ्याचा.