थायरॉईडचे ऑपरेशन: सोलापुरात की पुण्यात?

गळ्यावर गाठ दिसली, सोनोग्राफी झाली, सुईची तपासणी झाली आणि डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितले, की सोलापूर जिल्ह्यातल्या घरात पुढचा प्रश्न ठरलेला असतो: इथेच करायचे की पुण्याला न्यायचे? अक्कलकोट-बार्शीपासून शेजारच्या धाराशिवपर्यंत अनेकांना मोठ्या उपचारासाठी सोलापूर जवळचे, पण थायरॉईड म्हटले की विश्वास डळमळतो. ही शंका अडाणीपणाची नाही, आणि इथे काम करणाऱ्या सर्जनांचा तिच्यावरचा आक्षेपही गैर नाही.

या शस्त्रक्रियेचा धाक जुना आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ती करायला भले भले सर्जन कचरत, कारण रक्तस्रावाने आणि जंतुसंसर्गाने रोगी दगावत. स्वित्झर्लंडमधील बर्नच्या थिओडोर कोखर यांनी घाई सोडली, एकेक रक्तवाहिनी बांधत काम केले आणि मृत्यूचे प्रमाण १ टक्क्याच्या खाली आणले. १९०९ चे नोबेल त्यांना थायरॉईडवरच्या कामासाठीच मिळाले. आज जीव जाणे अत्यंत दुर्मीळ झाले आहे. आता प्रश्न आवाजाचा आणि कॅल्शियमचा आहे. स्वरयंत्र हलवणारी नस दोन्ही बाजूंना ग्रंथीला लागून वर जाते. एक दुखावली तर आवाज बसतो, दोन्ही दुखावल्या तर श्वास अडतो. ग्रंथीच्या मागे सहसा चार पॅराथायरॉईड असतात, तांदळाच्या दाण्याएवढ्या. त्या किंवा त्यांचा रक्तपुरवठा गेला, की कॅल्शियम उतरते, ओठांभोवती मुंग्या येतात, बोटे आखडतात.

पुण्याच्या बाजूने सर्वांत भक्कम मुद्दा सरावाचा आहे. अमेरिकेतील सुमारे १७ हजार रुग्णांच्या नोंदींवरून २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात वर्षाला २५ पेक्षा जास्त संपूर्ण थायरॉईड काढणाऱ्या सर्जनांच्या रुग्णांत गुंतागुंत कमी आढळली. त्या नोंदींतले निम्मे सर्जन वर्षाला अशी एकच शस्त्रक्रिया करत होते. नस कुठे वळते, तिच्या फांद्या कशा फुटतात, पॅराथायरॉईड आणि चरबीचा गोळा यांतला रंगाचा बारीक फरक कसा ओळखायचा, हे पुस्तकातून काही अंशीच कळते.

दुसरीकडे, सोलापूर म्हणजे आडगाव नव्हे. येथे १९६३ पासून वैद्यकीय महाविद्यालय आहे आणि त्याला जोडलेल्या सिव्हिलमध्ये सर्जन घडतात. राज्य सरकारची जीवनदायी योजना २ जुलै २०१२ रोजी ज्या पहिल्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत सोलापूर होते. मात्र कोणतीही योजना नातेवाइकांची बुडालेली हजेरी भरून देत नाही. विड्या वळणाऱ्या बाईला अडीचशे किलोमीटरवर आठवडाभर राहायचे, तर घरातल्या आणखी एकाचा रोजगार थांबतो. मग ‘दिवाळीनंतर बघू’ म्हणत ऑपरेशन पुढे ढकलले जाते, आणि लांबलेल्या ऑपरेशनचाही धोका असतोच.

अंतराच्या बाजूने दिला जाणारा एक युक्तिवाद मात्र मला लंगडा वाटतो. ऑपरेशननंतर गळ्यात रक्त साचून श्वास कोंडला तर रुग्ण जवळ हवा, असे म्हणतात. हा रक्तस्राव बहुधा पहिल्या २४ तासांत होतो आणि तेव्हा रुग्ण कुठल्याही शहरात रुग्णालयातच असतो. तिथे शहर कोणते याला महत्त्व नाही. रात्री कामावर असलेल्या डॉक्टरला खाटेवरच टाके उघडून साचलेले रक्त मोकळे करता येते का, हे महत्त्वाचे. कॅल्शियमची गोष्ट वेगळी. ते दुसऱ्या ते चौथ्या दिवसापर्यंत उतरत राहते, म्हणजे रुग्ण पुण्याहून हुतात्मा एक्सप्रेसने घरी पोचल्यावर. मुंग्या ‘अशक्तपणामुळे’ आल्या असे समजून कुणी ग्लुकोज लावले, तर पुण्यातल्या निष्णात हाताचा उपयोग काय?

यंत्राचेही तसेच. नसेला हलका विद्युतस्पर्श देऊन स्वरयंत्राचा प्रतिसाद टिपणारे उपकरण नक्कीच कामाचे आहे. पहिल्या बाजूचा प्रतिसाद हरवला तर सर्जन तिथेच थांबू शकतो, दुसरी बाजू पुढे कधीतरी करता येते. तथापि नस डोळ्यांनी शोधून शेवटपर्यंत नजरेसमोर ठेवणाऱ्या सर्जनच्या तुलनेत या यंत्राने कायमची इजा कमी होते, हे अभ्यासांतून ठामपणे सिद्ध झालेले नाही. तेव्हा यंत्र नाही म्हणून सोलापूर नाकारणे योग्य नाही, आणि आहे म्हणून निर्धास्त होणेही नाही.

किती ग्रंथी काढायची, यावरही बरेच अवलंबून आहे. दोन्ही बाजूंना गाठी असतील तर संपूर्ण ग्रंथी काढल्याने आजार पुन्हा उद्भवत नाही. फिरून ऑपरेशन करणे अवघड आणि जोखमीचे असते. पण मग रोज सकाळी उपाशीपोटी गोळी, तीही जन्मभर. एका बाजूची अर्धी ग्रंथी काढल्यास दुसरी नस आणि तिकडच्या पॅराथायरॉईड अस्पर्श राहतात आणि बहुतेकांना गोळी लागत नाही. अमेरिकन थायरॉईड असोसिएशनच्या २०१५ च्या मार्गदर्शनानुसार १ ते ४ सेंटिमीटरच्या, कमी धोक्याच्या कर्करोगालाही अर्धी ग्रंथी काढणे पुरेसे ठरू शकते.

माझा कल सोलापूरकडे आहे, पण अटींसह. एका बाजूची गाठ आणि साधा गलगंड इथेच व्हावा, मात्र शहरातल्या प्रत्येक थिएटरमध्ये नव्हे. दोन-तीन ठिकाणी, ठरावीक सर्जनांकडे हे रुग्ण एकवटले तर सरावाचा आकडा इथेही गाठता येईल. त्यासाठी इतरांना हातचा रुग्ण सोडावा लागेल, आणि व्यवसायात ते सोपे नाही हे मान्य. छातीत उतरलेला गलगंड, मानेत पसरलेला कर्करोग आणि दुसऱ्यांदा करायचे ऑपरेशन यांसाठी मात्र संकोच न करता पुण्या-मुंबईला पाठवावे.

तोवर, शहर कोणतेही निवडा, सही करण्यापूर्वी सर्जनना चार गोष्टी विचारा: वर्षाला अशी किती ऑपरेशने करता, स्वरयंत्राची तपासणी आधी आणि नंतर होणार का, रात्री ड्युटीवर कोण असेल, आणि घरी गेल्यावर कॅल्शियम कधी तपासायचे. चांगल्या सर्जनला या प्रश्नांचा राग येत नाही.