चाकांवरचे घर आणि विंचवाचे बिऱ्हाड

मोटारीतच संसार थाटून, सोबत कुत्रे घेऊन, देशामागून देश पालथे घालण्याची युरोपीय तऱ्हा आता आपल्या सुखवस्तू वर्गालाही खुणावू लागली आहे. महाराष्ट्र शासनाने २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आखले, ते याच हौसेची दखल घेऊन. या हौसेची थट्टा करण्याचे कारण नाही. मात्र ती तिकडे इतक्या सुखाने पार कशी पडते, हा प्रश्न अर्थशास्त्राच्या अंगाने विचारण्याजोगा आहे.

गाडी काय, पैसे असलेल्याला कोठेही विकत मिळते. खरे महत्त्व आहे ते थांब्यांना. फ्रान्स-जर्मनीतील लहान लहान नगरपालिकांनीसुद्धा अशा गाड्यांसाठी तळ राखले आहेत. तेथे पिण्याचे पाणी भरून घ्यावे, सांडपाणी व मैला नेमल्या जागी सोडावा, अल्पसे शुल्क भरावे आणि रात्र काढून पुढे जावे. कुत्र्याची व्यवस्था तर याहून चोख. २००४ पासून युरोपीय संघात त्याला स्वतःचे पारपत्र मिळते. कातडीखालच्या चिपचा क्रमांक आणि रेबीजच्या लशीची नोंद त्यात असली, की सदस्य देशांच्या सीमा त्याला मोकळ्या. भारतातून कुत्रे न्यावयाचे तर लशीनंतर निदान तीस दिवसांनी रक्ततपासणी व पुढे तीन महिन्यांची प्रतीक्षा. नियम जाचक खरा, पण त्यात संदिग्धता नाही.

याच फ्रान्समध्ये पिढ्यान् पिढ्या चाकांवर राहणाऱ्या भटक्या समाजांना १९६९ च्या कायद्याने फिरतीची पुस्तिका बाळगावी लागे. ती सक्ती २०१७ मध्ये उठली. पाच हजारांवर वस्तीच्या गावांनी त्यांच्यासाठी तळ द्यावा, असा कायदा तेथे २००० साली झाला. घर हलते आहे एवढ्यावरून माणसाकडे पाहण्याची सरकारची दृष्टी ठरत नाही. ते का हलते, यावरून ठरते. १८७१ चा गुन्हेगार जमातींचा कायदा भोगलेल्या आपल्या देशाला हे समजावून सांगावयास नको.

आता जव्हारच्या डोंगरात येऊ. १९९२ साली वावर-वांगणीच्या बालमृत्यूंनी या गावांची नावे विधिमंडळापर्यंत पोचली. तेव्हा ती ठाणे जिल्ह्यात होती, २०१४ पासून पालघरमध्ये आहेत. पावसाळ्यात येथे धो धो पाऊस पडतो, आणि नाचणी, वरई, भात निघाले की शेतात काम उरत नाही. मोखाड्याच्या हद्दीत बांधलेल्या मध्य वैतरणेचे पाणी मुंबईला जाते. दिवाळीनंतर माणसेही त्याच दिशेला जातात. मुकादमाकडून उचल घेतलेली कुटुंबे भांडीकुंडी, कोंबड्या, तान्ही मुले यांच्यासह ट्रकमध्ये बसून वसई-भिवंडीकडच्या वीटभट्ट्यांवर पोचतात. तेथे कच्च्या विटा रचून उभारलेल्या खोपट्याला भोंगा म्हणतात. शिमग्याला जमले तर गावी यावयाचे, नाहीतर पावसाच्या तोंडावर. पाड्यावरचे कुत्रे बहुधा मागेच राहते.

कोणी म्हणेल, हौसेचा प्रवास आणि पोटासाठीची वणवण यांची तुलनाच गैरलागू. हेतूंपुरती ती गैरलागू आहे. गरजांपुरती नाही. पाणी, शौचालय, निर्धास्त रात्र आणि एका ठिकाणची नोंद दुसऱ्या ठिकाणी चालणे, या गरजा दोन्ही फिरत्या संसारांच्या सारख्याच आहेत. शासनाने काही केलेच नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. १९७७ चा रोजगार हमी कायदा हे तर महाराष्ट्राचे भूषणच. २०१९ पासून महाराष्ट्र-गुजरातेत शिधापत्रिका परक्या गावीही चालवण्याची सोय सुरू झाली; त्याआधी, १९९० च्या दशकात, विधायक संसद या संस्थेने भट्ट्यांवर भोंगाशाळा काढून मुलांच्या शिक्षणाचा प्रश्न हाती घेतला होता. पण शिधा मिळतो तो दुकानात, आणि भट्टी असते गावाबाहेर, मालकाच्या कह्यात; दिवस बुडवून दुकान गाठण्याची किंमत ज्याच्या डोक्यावर उचल आहे त्यालाच ठाऊक. गावच्या अंगणवाडीत वजन घेतलेले मूल भट्टीवरच्या अंगणवाडीच्या पटावर आपोआप चढत नाही.

कॅराव्हॅनसाठी तळ उभारण्यास आमचा विरोध नाही. दाभोशाचा धबधबा पाहावयास येणाऱ्याला पाण्याचा नळ मिळालाच पाहिजे. परंतु सार्वजनिक पैशाचा अग्रक्रम ठरवताना, सहा महिने उघड्यावर काढणारी मंडळी रांगेत आधीपासून उभी आहेत, हे नियोजनकर्त्यांनी ध्यानात घ्यावे. खर्चाची सबबही पटणारी नाही. विटांची माती हे गौण खनिज. तिचे स्वामित्वधन महसूल खाते वसूल करते, म्हणजे रीतसर चालणारी भट्टी तहसीलदाराला ठाऊक असते. मातीच्या परवानगीलाच मजूर कुटुंबांची यादी, पाणी व शौचालय यांची अट जोडावी, आणि खर्चाचा वाटा मालकाकडून घ्यावा. मातीचा हिशेब ब्रासमध्ये ठेवता येतो, तर मुलांचा ठेवता येणार नाही असे मानण्याचे कारण नाही. ट्रक दिवाळीनंतर येतात. तेव्हा वांगणीतून कोण कोठे जाणार, ही यादी भातकापणीच्या दिवसांतच ग्रामपंचायतीत तयार व्हावी आणि पहिली वीट थापण्यापूर्वी ती भिवंडीच्या तहसील कचेरीत पोचावी.