काप्री कीं कार्पी?

परदेशांत स्वतः मोटार हांकीत हिंडावें ही हौस आतां आपल्या घरांतून अपूर्व राहिलेली नाहीं. मुलगा जर्मनींत, लेक-जांवई अमेरिकेंत, अशी ज्या कुटुंबांची पांगापांग झाली आहे तेथें तर सुटीच्या दिवसांत भाड्याची गाडी घेऊन दोघांनींच दूरच्या प्रवासास निघणें हें नेहमींचेंच झालें आहे. अशा प्रवासांत वाट चुकणें हेंहि ओघानेंच आलें. वाट चुकल्यावर त्या बंद गाडींत पतिपत्नींमध्यें जो संवाद घडतो, त्याचीं वर्णनें परत आल्यावर घरच्या मंडळींना हंसत हंसत सांगितलीं जातात. परंतु तो घडत असतां दोघांपैकीं कोणीहि हंसत नसतें. या महिन्यांत त्याच विषयाचा थोडा विचार करावा असें योजिलें आहे.

२००९ च्या जुलै महिन्यांत युरोपांतील वृत्तपत्रांनीं एका स्वीडिश जोडप्याची हकीकत छापली होती. हें जोडपें इटलींत सुटीवर आलें होतें. व्हेनिसहून निघून काप्री बेटावर जावें व तेथील प्रसिद्ध निळी गुहा पाहावी असा त्यांचा बेत होता. या गुहेंत पाण्याखालच्या वाटेनें सूर्यप्रकाश शिरतो आणि आंतील सारें पाणी निळ्या तेजानें उजळून निघतें. दोघांनीं गाडींतील मार्गदर्शक यंत्रांत ठिकाणाचें नांव घातलें. परंतु दोन अक्षरें मागेंपुढें झालीं आणि काप्रीचें कार्पी झालें. आपल्या लिपींत लिहून पाहिलें तर चूक केवढी लहान होती तें चटकन् ध्यानांत येईल. पायाशीं असलेला र डोक्यावर चढला, इतकेंच!

कार्पी हें उत्तर इटलींत मोडेना शहराजवळचें एक उद्योगी गांव आहे. आपले हे प्रवासी तेथें पोंचले, प्रवाशांच्या चौकशी-कचेरींत गेले व निळी गुहा कोठें आहे म्हणून विचारूं लागले. काप्री तेथून सुमारें साडेसहाशें किलोमीटर दूर राहिलें होतें! उलगडा झाल्यावर तेथील एका अधिकाऱ्यानें काढलेला उद्गार मोठा मार्मिक होता. काप्री हें बेट आहे. वाटेंत पूल लागला नाहीं, नावेंत बसावें लागलें नाहीं, तरी या दोघांना शंका कशी आली नाहीं, असें त्याचें म्हणणें पडलें.

कोणाच्या बोटानें तीं अक्षरें फिरलीं याची चौकशी येथें करावयाची नाहीं. अक्षर कोणाच्याहि हातून चुकतें. विचार करण्याजोगी गोष्ट निराळीच आहे. व्हेनिसहून नेपल्सच्या बंदरापर्यंतचाच रस्ता सातशें किलोमीटरांहून अधिक, आणि त्यापुढें बोटीचा प्रवास. कार्पी मात्र दोनशें किलोमीटरांच्या आसपास. म्हणजे जो प्रवास सबंध दिवसाचा, तो दोन-अडीच तासांत आटोपला. भोंवतीं पो नदीच्या खोऱ्यांतील सपाट शेतें पसरलेलीं. चार डोळे होते, दोन डोकीं होतीं, आणि तरीहि मुक्कामीं पोंचेपर्यंत गाडी थांबली नाहीं.

यंत्राला दोष देऊन भागणार नाहीं. सुमारें वीस हजार किलोमीटर उंचीवरून फिरणाऱ्या उपग्रहांच्या आधारें हीं यंत्रें चालतात. निदान चार उपग्रहांकडून आलेल्या संदेशांस किती वेळ लागला हें मोजून आपण पृथ्वीच्या पाठीवर नेमके कोठें आहों तें यंत्र सांगतें. परंतु आपल्याला कोठें जावयाचें आहे हें आपणच त्याला सांगावें लागतें. कार्पी सांगितलें, त्यानें इमानानें कार्पीस पोंचविलें. आज्ञाधारक नोकर आणि समंजस सोबती यांच्यांतील फरक तो हाच. नोकर सांगितलेलें करतो, सोबती विचारतो, "अहो, आपण बेटावर निघालों होतों ना?"

मग शेजारचा सोबती गप्प कां बसतो? त्याचें कारण परदेशांतील गाडीच्या रचनेंतच थोडेंबहुत सांपडतें. आपल्याकडे वाहन रस्त्याच्या डाव्या बाजूनें चालतें. इटली, फ्रान्स, जर्मनी इत्यादि देशांत तें उजव्या बाजूनें, आणि स्टिअरिंगचें चाक गाडीच्या डाव्या अंगास. घरीं ज्या बाजूस चालक बसतो त्या बाजूस येथें पत्नी बसलेली असते, आणि तिचा पाय रिकाम्या जागीं नकळत ब्रेक दाबूं पाहतो! पतीचें सारें अवधान उजवी बाजू सांभाळण्यांत गुंतलेलें. अशा वेळीं शेजारून एखादा प्रश्न आला कीं उत्तर तुटक मिळतें. एकदां तसें उत्तर मिळालें म्हणजे दुसरा प्रश्न ओठांवरच राहतो. चाक पत्नीच्या हातीं असलें तर भूमिका तेवढ्या बदलतात; प्रसंग तोच.

कित्येकदां तर चूक दोघांचीहि नसते. बेल्जम देशांत १९६२-६३ च्या कायद्यांनीं डच आणि फ्रेंच भाषांची सीमा आंखून दिली, व त्या त्या भागांतील पाट्या त्या त्या भाषेंत लागल्या. ब्रुसेल्सहून मॉन्स शहराकडे निघालेल्या प्रवाशास डच भागांतून जातांना पाटीवर मॉन्स हें नांव सांपडत नाहीं. तेथें बेर्गन लिहिलेलें असतें. गांव एकच, आणि दोन्ही नांवांचा अर्थहि डोंगर असाच! फ्रान्समधील लील शहर त्याच भागांतील पाट्यांवर रायसल होतें. बेळगांव आणि बेळगावी ही जोडी ज्यांच्या परिचयाची आहे त्या आपल्या वाचकांस याचें फारसें नवल वाटणार नाहीं. परंतु चाकावर बसलेल्याचे डोळे आपल्याला हवें तेंच नांव शोधीत असतात, आणि तें न दिसलें कीं तो तसाच पुढें जातो. बाजूच्याला दुसरें नांव वाचण्यास सवड असते. तें त्यानें बोलून दाखवावें एवढेंच.

वाट विचारणें हीहि एक कला आहे. ईडिथ व्हॉर्टन या अमेरिकन लेखिकेनें १९३४ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या आत्मवृत्तांत एक गमतीची आठवण सांगितली आहे. ती आणि तिचे मित्र, कादंबरीकार हेन्री जेम्स, इंग्लंडांतील विंडसर गांवीं मोटारींतून रात्रीं पोंचलीं व वाट चुकलीं. जेम्स यांनीं एका म्हाताऱ्यास जवळ बोलावून आपण कोठून आलों, कोठून गेलों, याचें इतकें लांबलचक निवेदन आरंभिलें कीं तो बिचारा गांगरून गेला. अखेर बाईंनीं काकुळतीस येऊन, एकच सरळ प्रश्न विचारा, म्हणून विनविलें. त्यांनीं किंग्ज रोड कोठें आहे असें विचारतांच म्हाताऱ्यानें सांगितलें कीं गाडी त्याच रस्त्यावर उभी आहे! शेजारचें माणूस मोकळेपणीं बोलूं शकलें म्हणून प्रश्न सुटला, हें येथें लक्षांत ठेवण्यासारखें आहे.

हा सारा विनोदाचाच विषय आहे असें मात्र कोणीं समजूं नये. अमेरिकेंतील डेथ व्हॅली या वाळवंटी प्रदेशांत १० जुलै १९१३ रोजीं ५६.७ अंश सेल्सिअस इतक्या उष्णतेची नोंद झाली आहे. तेथील राष्ट्रीय उद्यानाचे अधिकारी प्रवाशांस बजावीत असतात कीं आडवाटांवर केवळ मार्गदर्शक यंत्रावर विसंबूं नका, कागदी नकाशा व भरपूर पाणी जवळ ठेवा. अशा ठिकाणीं मनांतली शंका मनांतच ठेवणें जिवावर बेतूं शकतें.

आणि शंका बोलून दाखविण्याची संवय परदेशच्या रस्त्यावर एकाएकीं लागत नाहीं. ती घरूनच न्यावी लागते. ज्या घरांत सूनबाईनें अथवा धाकट्या दिरानें "येथें कांहीं चुकतें आहे" असें म्हणतांच वडीलधाऱ्यांच्या भुंवया चढतात, त्या घरांतील माणसें हळूहळू पाहणेंच सोडून देतात. पुढें तीं दोघेंच प्रवासास निघालीं तरी चाक ज्याच्या हातीं त्याच्याकडे निर्णय सोंपवून दुसरें खिडकीबाहेर बघत बसतें. मान राखण्याची आपली चाल चांगलीच आहे. परंतु ज्याचा मान राखावयाचा त्याला खड्ड्याकडे जाऊं देणें हा मान नव्हे.

तेव्हां निघण्यापूर्वीं आंतरराष्ट्रीय वाहन-परवाना घेतला कीं नाहीं हें जसें आपण पाहतों, तसेंच दोन गोष्टींचा करारहि करून ठेवावा. यंत्रांत नांव घातल्यावर तें दोघांनीं मोठ्यानें वाचावें व अंतर किती दाखवितें तें ताडून पाहावें. शंका आली तर सुरक्षित जागा पाहून गाडी उभी करावी आणि मगच बोलावें. दोष कोणाचा, हा खल रात्रीच्या जेवणानंतर खुशाल चालूं द्यावा. गाडी थांबविण्यांत गेलेलीं दोन मिनिटें प्रवासांत भरून निघतात. एकदां गप्प झालेलें माणूस पुन्हां बोलतें होण्यास मात्र फार दिवस लागतात.