ऑपरेशन झाले, पण पुढे काय?



रोवणीच्या दिवसांत आमच्या घरच्या मांजरीचे, मनीचे, ऑपरेशन झाले. धर्मशिक्षणाच्या वर्गातली मुले तेव्हा दर रविवारी विचारत, "सर, मनी कशी आहे?" मोठ्यांपैकी काहींनी मात्र वेगळेच विचारले, "सर, मांजरीवर एवढा खर्च?" दोन्ही प्रश्न रास्त आहेत. आज त्यांची उत्तरे देण्याचा प्रयत्न करतो, आणि त्या निमित्ताने आमची एक चूकही आपल्यापुढे कबूल करतो.

मनी चार वर्षांची. अचानक ती फार पाणी पिऊ लागली, खाणे सोडले, पोट फुगले. लालबर्र्यात जनावरांचे डॉक्टर आहेत, पण त्यांच्याकडे येतात त्या बहुतेक गाई-म्हशी आणि शेळ्या. त्यांनी तपासून सांगितले, गर्भाशयात पू झाला आहे, गर्भाशय काढावेच लागेल, शहरात घेऊन जा. आपल्या भागातून अशा वेळी लोक जबलपूरकडे नाहीतर नागपूरकडे धाव घेतात. दोन्हीकडे जुनी पशुवैद्यकीय महाविद्यालये आहेत, जबलपूरचे १९४८ सालचे आणि नागपूरचे १९५८ सालचे. आम्ही शेजाऱ्याची गाडी मागून नागपूर गाठले. डॉक्टर म्हणाले, "वेळीच नसबंदी केली असती, तर हा आजार झालाच नसता." आम्ही मान खाली घातली. दोन वर्षे आम्ही ती गोष्ट 'पुढच्या महिन्यात' म्हणत ढकलत आलो होतो.

ऑपरेशन तासाभरात संपले. आम्हांला वाटले, सुटलो. खरे काम तिथून सुरू झाले. भूल उतरताना मांजराचे अंग गार पडते, म्हणून पहिली रात्र कोमट पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून तिच्याजवळ ठेवली आणि आळीपाळीने जागलो. टाके चाटू नयेत म्हणून गळ्यात प्लास्टिकचे कडे घातले होते. ते दाराला अडके, ताटलीला अडके, आणि ती रडकुंडीला येई. कुणी म्हणाले, ताप-दुखण्याची अर्धी गोळी द्या. बरे झाले, आधी फोन केला. माणसाला चालणारी पॅरासिटामॉलची एक गोळीसुद्धा मांजराचा जीव घेऊ शकते. तिचे शरीर ते औषध पचवू शकत नाही. मांजर काही दिवस उपाशी राहिले तर यकृत बिघडते, हेही तेव्हाच कळले. म्हणून बोटाला लावून थोडे थोडे चाटवले. तिसऱ्या दिवशी तिने स्वतः ताटलीकडे तोंड नेले, तेव्हा घरात सण असल्यासारखे वाटले. बाराव्या दिवशी टाके निघाले. आज ती पुन्हा कौलांवर फिरते आहे.

आता चूक सांगतो.

त्याच आठवड्यात आमच्यापासून चार घरांवर राहणाऱ्या, आपल्याच धर्मग्रामातल्या एका विधवा मावशींचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले होते. ऑपरेशनच्या आदल्या रविवारी मिस्सामध्ये त्यांच्यासाठी प्रार्थना झाली. ती प्रार्थना आम्हीच वाचली होती. दुसऱ्या दिवशी व्हॉट्सअॅपवर निरोप आला, "ऑपरेशन यशस्वी. प्रभूचे आभार." आम्ही सगळ्यांनी हात जोडल्याची चित्रे पाठवली आणि विषय संपला.

नवव्या दिवशी त्यांच्या दारात गेलो, तेही छत्री परत करायला. मावशी अंधाऱ्या खोलीत बसल्या होत्या. डोळा लाल झाला होता, पाणी गळत होते. डोळ्यात दिवसातून कितीतरी वेळा थेंब टाकायचे होते. त्यांचा हात थरथरतो. मुलगा आणि सून पहाटेच रोवणीला बांधीत जात, ते दिवस मावळताना परतत. थेंबांची बाटली जवळजवळ भरलेलीच होती. आम्ही म्हणालो, "मावशी, सांगायचे ना!" त्या म्हणाल्या, "तुमच्या घरी आजारपण आहे म्हणून ऐकलं, कशाला त्रास द्यायचा?"

आमच्या घरचे आजारपण म्हणजे मनी. त्या उत्तरानंतर आम्हांला बोलता आले नाही. त्याच दिवशी त्यांना डॉक्टरांकडे नेले. देवाच्या दयेने नजर वाचली, पण महिनाभर त्रास सोसावा लागला. तो टळू शकला असता.

म्हणजे मांजरीची सेवा चुकली का? आम्हांला तसे वाटत नाही. नीतिसूत्रांच्या बाराव्या अध्यायात आपल्या जनावराच्या जिवाची काळजी घेणे हे नीतिमानाचे लक्षण सांगितले आहे. कॅथॉलिक ख्रिस्तसभेच्या धर्मशिक्षण ग्रंथात २४१६ व्या परिच्छेदात प्राण्यांशी ममतेने वागणे हे आपले देणे आहे असे शिकवले आहे. पण जरा पुढे, २४१८ मध्ये, दुसरी बाजूही आहे. माणसाच्या दुःखनिवारणासाठी आधी लागणारा पैसा प्राण्यांवर उधळणे योग्य नाही. खर्चाबद्दल विचारणाऱ्या बांधवांचा मुद्दा तिथलाच आहे आणि तो आम्ही टाळत नाही. पण आमचा हिशेब मांडून पाहिला, तेव्हा दिसले की मावशींना पैशाची गरज नव्हतीच. थेंब घरात होते. हवी होती दिवसातून पाच-पाच मिनिटे आणि न थरथरणारा एक हात. मनीसाठी आम्ही रात्री जागू शकलो, म्हणजे तो वेळ आणि तो हात आमच्याजवळ होता.

संत मार्टिन दी पोरेस यांची आठवण येते. १५७९ साली पेरू देशातल्या लिमा शहरात जन्मलेले हे धर्मबंधू मठात आजाऱ्यांची सेवा करीत. रस्त्यावरच्या जखमी कुत्र्या-मांजरांनाही त्यांनी बहिणीच्या घरी आसरा दिला, असे त्यांच्या चरित्रात सांगतात. १९६२ साली पोप जॉन तेविसावे यांनी त्यांना संतपद दिले. चित्रात त्यांच्या पायाशी कुत्रा, मांजर आणि उंदीर असतात. पण त्यांचा दिवस जाई तो माणसांच्या खाटांजवळ. एकाच हाताने त्यांनी दोघांची मलमपट्टी केली. आमचा हात मांजरीपाशी थांबला, पुढे गेला नाही. चूक झाली ती एवढीच, पण लहान नाही.

शुभवर्तमान पुन्हा उघडून पाहा. चांगल्या शोमरोन्याने तेल आणि द्राक्षारस ओतून जखमा बांधल्या, हे मुलांना पाठ असते. पण लूकच्या दहाव्या अध्यायातली ती गोष्ट तिथे संपत नाही. तो त्या माणसाला उतारशाळेत नेतो, त्याची काळजी घेतो, दुसऱ्या दिवशी दोन दिनार, म्हणजे दोन दिवसांची मजुरी, देतो आणि परत येण्याचे वचन देतो. याईराच्या मुलीला उठवल्यावर प्रभू काय सांगतात? तिला खायला द्या. एवढा मोठा चमत्कार झाला, आणि प्रभूंना तिच्या जेवणाची आठवण! आपण चमत्कारापर्यंत प्रार्थना करतो आणि जेवणाच्या वेळी घरी निघून जातो.

म्हणून एक विनंती. आपल्या देवळात मागच्या बाकावर आम्ही एक वही ठेवली आहे. धर्मग्रामात कुणाचे ऑपरेशन झाले, बाळंतपण झाले, हाड मोडले, तर नाव लिहा. त्याखाली पुढच्या दहा दिवसांच्या रेघा आखल्या आहेत. एकेका रेघेवर एकेका घराने आपले नाव घालावे. त्या दिवशी जाऊन औषध दिले का ते पाहावे, डबा न्यावा, घटकाभर बसावे. शेतीचे दिवस असतील तर हे जास्तच जपावे, कारण तेव्हा घरे रिकामी असतात आणि आजारी माणूस एकटा असतो. शाळकरी मुलांनाही हे काम जमते. मनीची चौकशी करणारी दोन मुले आता रोज संध्याकाळी मावशींना वर्तमानपत्र वाचून दाखवतात.

आणि ज्यांच्या घरी मांजर आहे, त्यांनी तिची नसबंदी पुढच्या महिन्यावर ढकलू नये.

प्रभू येशू, तू आमच्या जखमा बांधून निघून गेला नाहीस. आम्हांलाही दुसऱ्या दिवशी परत जाणारे कर. आमेन.