ठिपक्यांविना रांगोळी

परवा दुपारी लाईट गेली होती. भजनी मंडळाची पेटी दुरुस्तीला न्यायची म्हणून आमच्याच ओसरीवर आणून ठेवलेली. तिची एक पट्टी दाबली की दबलेलीच राहते. सासूबाईंनी सहज भाता उघडला आणि बोटं फिरवू लागल्या. भजन नाही, आरती नाही, सिनेमाचं गाणंही नाही. सुचेल ते! मध्येच थांबायच्या, पुन्हा खालच्या सुरावरून सुरू करायच्या. नववीतली लेक शेजारी चित्रकलेची वही घेऊन बसली होती. मार्कंड्याच्या जत्रेतून घेतलेला रंगांचा डबा उघडा पडला होता.

मी कणकेच्या हातांनी बाहेर आले. वहीत खाली एक रुंद तपकिरी पट्टा, वर हिरवे फटकारे आणि मध्ये चक्क कोरी जागा.

"हे काय काढलंस?"

"आजी वाजवते ना, ते."

"पण यात पेटी कुठे आहे? आजी कुठे आहे? त्यापेक्षा गणिताचा सराव कर की!"

तिने वही मिटली. पेटीही थांबली. सासूबाई एवढंच म्हणाल्या, "कायले रागावतेस वं तिले? मी बी तं असंच काईबाई वाजवत होती."

मैत्रिणींनो, त्या दुपारपासून मनाला एकच टोचणी लागली आहे. कारण चुकलं होतं ते माझं.

सूर ऐकून चित्र काढणं हा पोरखेळ नाही. २ जानेवारी १९११ ला जर्मनीतल्या म्युनिक शहरात अर्नोल्ड शोनबर्ग या संगीतकाराच्या रचनांची मैफल झाली. त्यात पियानोच्या रचनाही होत्या. श्रोत्यांमध्ये वासिली कांडिन्स्की हा रशियन चित्रकार होता. त्या सुरांनी तो इतका भारावला की लगेच त्याने त्या मैफलीचं चित्र केलं. चित्रभर पिवळा रंग पसरलेला, वर पियानोचा मोठा काळा आकार आणि खाली वाकलेल्या रेषांमधून दिसणारे श्रोते. ते चित्र आजही म्युनिकच्या संग्रहालयात आहे. तिथे माणसांची नाकं-डोळे शोधायला गेलात तर सापडणार नाहीत. पिवळा रंग मात्र अंगावर येतो.

अमेरिकेची नामवंत चित्रकार जॉर्जिया ओकीफ हिची गोष्ट तर आपल्याला जवळची वाटावी. न्यूयॉर्कमध्ये शिकत असताना एका वर्गातून तिला संगीत ऐकू आलं. आत डोकावली तर शिक्षक रेकॉर्ड लावून मुलांना कोळशाने चित्रं काढायला सांगत होते. आधी खालच्या सुरांची रेकॉर्ड, मग उंच आवाजाची. सुरांचं चित्र होऊ शकतं, ही गोष्ट तिच्या मनात रुजली. पुढे १९१८ मध्ये तिने गुलाबी आणि निळ्या लाटांची चित्रं केली आणि त्यांना नावच 'संगीत' असं दिलं.

कांडिन्स्कीने ऐकलेलं संगीत आधी लिहून ठेवलेलं होतं. पण त्याच क्षणी सुचेल तसं वाजवलेलं ऐकून चित्र काढायचं, ही आणखी वेगळी गंमत. असं वाजवणं आपल्याला नवं नाही. झाडीपट्टीच्या नाटकात नट संवाद विसरला की पेटीवाला कसा सांभाळून घेतो, आठवा. नट रुळावर येईपर्यंत त्याची बोटं चालूच! ते सूर कुठल्याच वहीत लिहिलेले नसतात.

पियानो आपण चामोर्शीकरांनी पाहिला तो बहुतेक सिनेमातच. पण त्याच्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्या पेटीसारख्याच. या पियानोवर अमेरिकेचा कीथ जॅरेट संपूर्ण मैफल आयत्या वेळी सुचेल तशी वाजवायचा. २४ जानेवारी १९७५ ला जर्मनीतल्या कोलोन शहरात त्याची मैफल होती. ती भरवली होती फक्त अठरा वर्षांच्या व्हेरा ब्रँडेस या मुलीने! ऐन वेळी स्टेजवर भलताच पियानो आलेला. वरचे सूर पत्र्यासारखे वाजणारे आणि पायाखालची पेडल बिघडलेली. जॅरेट वाजवायला तयार नव्हता. व्हेराने त्याला गळ घातली. मग त्याने वरचे सूर टाळून मधले आणि खालचे सूरच घोळवले. त्या रात्रीची रेकॉर्ड एकट्या पियानोच्या सर्वाधिक खपाच्या रेकॉर्डपैकी एक ठरली.

अशा वादनासोबत चित्र काढताना पुढचा सूर कोणता, हे वाजवणाऱ्यालाही ठाऊक नसतं आणि पुढची रेघ कोणती, हे काढणाऱ्यालाही. दोघंही एकमेकांच्या भरवशावर चालतात. आपल्या ख्यालगायनात आलाप-ताना अशाच तिथल्या तिथे उमलतात. पंढरपुरात जन्मलेले हुसेन आणि पंडित भीमसेन जोशी यांचीही अशी जुगलबंदी झाली होती. भीमसेनजी गात होते आणि हुसेन मंचावर रंगवत होते. जुन्या रागमाला चित्रांची गोष्ट वेगळी. तिथे तोडी म्हटली की वीणा घेतलेली स्त्री आणि हरणं, मेघ म्हटला की काळे ढग, असे संकेत ठरलेले असायचे. इथे काहीच ठरलेलं नाही. 'सा' म्हणजे लाल आणि 'प' म्हणजे निळा, असा कुठलाही तक्ता नाही.

आणि मला वाटतं, आपल्याला नेमकी याचीच भीती वाटते. आपला हात लहानपणापासून ठिपक्यांवर वाढला. अकरा ते सहा ठिपके, रेघ इकडून तिकडे, एक ठिपका चुकला की सगळी रांगोळी पुसा. मेंदीची पुस्तकं, भरतकामाचे छापे, सगळं आधीच आखलेलं. त्यात सौंदर्य आहे, कष्टही आहेत. मी त्याला नावं ठेवत नाही. पण आखलेल्या रेषेबाहेर जाऊन 'हे माझं' म्हणायची सवय मात्र आपल्या हाताला लागली नाही. मग लेकीच्या हाताला ती लागायला आली की आपणच हटकतो.

कुणी म्हणेल, अशा चित्रांना मार्क मिळतात का? नाही मिळत. एलिमेंट्री-इंटरमिजिएटच्या परीक्षेत वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र नीटच काढावं लागतं आणि ते शिकायलाही हवं. पण आठवड्यातला एक तास तरी मार्कांविना असू द्या. नववी लागली की रंगांचा डबा कपाटावर जातो, तो अनेकींच्या घरी परत खाली येतच नाही. माझा असाच गेला होता.

दुसरी म्हणेल, असं काय, कुणीही काढेल! मलाही तसंच वाटायचं. म्हणून रात्री सगळे निजल्यावर मोबाईलवर नुसत्या पियानोचं वादन लावून बसले. दहा मिनिटं झाली तरी माझा हात आपला कुयरीच काढतोय! एक कुयरी, दुसरी कुयरी, तिला वेल, वेलीला पानं. सूर कुठल्या कुठे गेले आणि मी आपली छापा गिरवतेय. तेव्हा कळलं, लेकीने जे सहज केलं ते मला पन्नाशीजवळ येऊनही जमत नाही. तिचा तपकिरी पट्टा म्हणजे पेटीचा खालचा सूर होता. मधली कोरी जागा म्हणजे आजी थांबायची ती वेळ. सगळं होतं त्यात. मला दिसलं नाही.

आणि सासूबाई? पेटी त्या माहेरी शिकल्या. लग्नानंतर वाजवली ती भजनाच्या साथीलाच. कुणी गायलं की त्यामागे जायचं. स्वतःला वाटेल ते वाजवताना मी त्यांना परवा पहिल्यांदाच ऐकलं आणि तेही माझ्याच बोलण्याने थांबलं.

म्हणून सांगते, करून पाहा. पियानो नको, महागडे रंग नकोत. जुन्या कॅलेंडरची मागची बाजू, रांगोळीचे रंग, गेरू, हळद काहीही चालेल. वाजवणारं घरात असेल तर उत्तम, नाहीतर मोबाईल आहेच. फक्त शब्दांचं गाणं नको, कारण शब्द आले की हात चंद्र आणि फुलं काढायला लागतो. सूर हळू असेल तर हात हळू जाऊ द्या. सूर थांबला तर थांबा. आणि झाल्यावर 'हे काय आहे?' असं मुळीच विचारू नका. 'कुठून सुरुवात केलीस?' एवढंच विचारा. मुलं आपणहून सांगतात.

काल मी लेकीजवळ जाऊन म्हटलं, "ती वही दाखवतेस?" तिने मान वर न करता उत्तर दिलं, "गणित झाल्यावर."

माझंच वाक्य मला परत मिळालं. ते मी मुकाट्याने घेतलं. पेटी अजून दुरुस्तीला नेलेली नाही, ओसरीवरच आहे. रंगांचा डबा तिच्याशेजारी ठेवून मी कणीक भिजवायला आत गेले.